पंचवीस पूर्णांक आठ

१८४९ च्या ऑगस्टमध्ये यॉर्कशर परगण्यातल्या हॉवर्थ गावातून लंडनच्या सार्वजनिक आरोग्य मंडळाकडे एक अर्ज गेला. गावाला धड पाणी नाही, सांडपाणी आणि मैला वाहून नेण्याची सोय नाही, तेव्हा कुणी जाणकार पाठवून पाहणी करावी, एवढंच त्यात मागितलं होतं. अर्जावर गावातल्या करदात्यांच्या सह्या होत्या आणि त्यामागे गावचे पाद्री होते, पॅट्रिक ब्राँटे.

पाद्रीबुवा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. तीन वर्षांपूर्वी मँचेस्टरला मोतीबिंदू काढून घेतल्यामुळे पुन्हा दिसायला लागलं होतं, आणि दिसायला लागल्यावर नशिबी आलं ते हे: १८४८ च्या सप्टेंबरात एकुलता मुलगा ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, १८४९ च्या मे महिन्यात ॲन. ‘वुदरिंग हाइट्स’ लिहिणारी एमिली तिशीत गेली आणि ॲन एकोणतिसाव्या वर्षी. ॲनचं दफनसुद्धा हॉवर्थला झालं नाही, हवापालटासाठी नेलं होतं त्या स्कारबरोतच तिला ठेवावं लागलं. सहा मुलांपैकी आता एक शार्लट उरली होती.

अर्ज घरच्या दुःखातून निघाला असं म्हणायचा मोह कुणालाही होईल, आणि तो थोडासा खराही असेल. पण हा माणूस १८२० पासून त्या गावात माणसं पुरत होता. चर्चची दफनवही त्याच्या आणि त्याच्या साहाय्यकांच्या हाताखालून जात होती. १८४९ च्या आधीच्या दहा वर्षांत चर्चच्या आवारात १,३४४ दफनं झाली. भागाकार केला तर दर पंधरवड्याला पाच. पाद्रीनिवासाच्या दोन बाजूंना कबरींचे दगड, आणि गल्लीच्या पलीकडे त्या दगडांवर नावं कोरणाऱ्या पाथरवटाचं खोपट. घरात बसून जगप्रसिद्ध कादंबऱ्या लिहिणाऱ्या तिन्ही बहिणींच्या कानांवर दिवसभर छिन्नीचा आवाज असे.

इंग्लंडात त्या काळी मृत्यूच्या दोन वह्या होत्या. एक चर्चची. तिच्यात मृताचं नाव, ठिकाण, दफनाची तारीख आणि वय असे. मृत्यूच्या कारणाला रकानाच नव्हता, आणि धर्माच्या दृष्टीनं त्याची गरजही नसावी. दुसरी वही सरकारची, १ जुलै १८३७ पासून सुरू झालेली. हिच्यात कारण लिहावं लागे. देशाचे नोंदणी जिल्हे पाडले होते आणि हॉवर्थ कीथली जिल्ह्यात येई. प्रत्येक जिल्ह्याच्या नोंदी लंडनला पोचत. तिथं विल्यम फार नावाचा डॉक्टर त्यांची वर्गवारी करी आणि कुठल्या जिल्ह्यात हजारी किती माणसं कशानं मेली याचे तक्ते छापी. शेजारच्या जिल्ह्यात हजारी सतरा मरतात आणि आपल्याकडे पंचवीस, हे असं पहिल्यांदाच कुणाला तरी छापील कागदावर दिसू लागलं. त्याआधी प्रत्येक गावाला आपलं मरण नेहमीचंच वाटत असे.

या आकड्यांना १८४८ च्या कायद्यानं दात दिले. गावातल्या एक दशांश करदात्यांनी अर्ज केला तर आरोग्य मंडळानं निरीक्षक पाठवायचा. आणि सात वर्षांची सरासरी काढून मृत्युदर हजारी तेवीसच्या वर निघाला, तर कुणी अर्ज केला नाही तरी मंडळाला हात घालता येई. हजारी तेवीस! बावीस मेले तर गाव आपलं आपण पाहून घेईल, चोवीस मेले तर लंडनहून माणूस येईल. कायद्याला कुठंतरी रेघ ओढावी लागते हे मान्य, पण ही रेघ वाचताना जरा थबकायला होतं. त्यातच १८४८–४९ ची पटकीची साथ इंग्लंड-वेल्समधली पन्नास हजारांहून जास्त माणसं घेऊन गेली होती. मंडळाच्या टेबलावर अर्जांचा ढीग पडला असल्यास नवल नाही. हॉवर्थची पाळी यायला सात-आठ महिने लागले.

एप्रिल १८५० मध्ये निरीक्षक आला. त्याचं नाव बेंजामिन हर्शल बॅबेज. आडनाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजचा हा थोरला मुलगा. पेशानं अभियंता. बापाप्रमाणेच मोजण्याची हौस, फक्त यानं मोजले ते संडास.

हॉवर्थ डोंगरउतारावर वसलेलं आहे. मुख्य रस्ता इतका चढाचा की घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून फरसबंदीचे दगड आडवे बसवलेले. माथ्यावर चर्च, त्याच्या वर पाद्रीनिवास, त्याच्या पाठीमागे झुडपी माळरान. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी घरं एकमेकांना खेटून उभी. दुरून पाहणाऱ्याला हे गाव डोंगरवाऱ्यातलं निरोगी ठिकाण वाटावं, आणि लंडनच्या बकाल वस्त्यांशी त्याचं नातं जोडायचं कुणाच्या मनातही येऊ नये.

बॅबेज दारोदार हिंडला. साऱ्या गावात मिळून ६९ संडास निघाले, म्हणजे सुमारे साडेचार घरांमागे एक. एके ठिकाणी चोवीस घरांना मिळून एकच होता. दोन तर भर रस्त्यावर होते, प्रत्येकी डझनभर कुटुंबं वापरत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात. एका संडासाचा मैलाखड्डा खालच्या अंगाला होता आणि त्याचं छोटं दार मुख्य रस्त्यावर उघडत असे. वरून मैला आणि राख साचत जाई, भार वाढला की दार फुटे आणि सगळं रस्त्यावर वाहून येई. त्या दारापासून दोन यार्डांवर शेजारच्या घरांना पिण्याचं पाणी देणारा नळ होता. असं वाक्य लिहायला अहवाल लिहिणाऱ्याला विशेषणांची गरज लागत नाही, आणि बॅबेजनं ती फारशी वापरलीही नाहीत.

बंदिस्त गटार नावाची चीज नव्हती. सांडपाणी रस्त्याकडेच्या उघड्या पाटांतून उतारानं खाली जाई. घरांना लागून भिंती घातलेले उकिरडे, त्यांत घरचा केर, राख, मैला, डुकरांच्या खुराड्यांतली घाण, कसायांकडचा टाकाऊ भाग. गावातल्या औषधविक्याच्या घरामागचा उकिरडा तर त्याच्या कोठीच्या खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत चढला होता. गावाला औषध देणाऱ्याची ही तऱ्हा.

पाण्याची कथा आपल्याकडच्या वाचकाला वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. गावात ११ हातपंप होते, त्यांतले दोन वापरात नव्हते. काही आड खासगी मालकीचे. गरिबांची भिस्त होती ती माथ्याकडच्या एका झऱ्याच्या विहिरीवर. उन्हाळ्यात तिचं पाणी इतकं आटे की सोमवारच्या धुण्यासाठी बाया रात्री दोन-तीनला उठून नंबर लावत. आणि एवढं करून जे हाती येई ते कधी कधी हिरवं, कुजकं, गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत असं. पाद्रीनिवासाची स्वतःची विहीर होती, म्हणून तिथली स्थिती बरी म्हणायची. पण १८४७ साली ती वीस वर्षांनी प्रथमच उपसली तेव्हा तळाशी गंजून विरघळत चाललेले आठ पत्र्याचे डबे सापडले. पाणी पिवळं का येतं ते तेव्हा कळलं. गावातल्या सगळ्यात शहाण्या घरची ही गोष्ट.

मग दफनभूमी. तिथं एक खास अडचण बॅबेजच्या अभियंत्याच्या नजरेला पडली. हॉवर्थमध्ये कबरीवर मोठी सपाट शिळा आडवी घालण्याची चाल होती. शिळेला शिळा भिडलेली. खाली माती उघडी नाही, गवत नाही, झाड नाही, हवा नाही. प्रेतं लवकर विघटित होत नाहीत आणि पावसाचं पाणी फटींमधून झिरपत उतारानं गावाकडे जातं. दफनभूमी बंद करा आणि आडव्या शिळा थांबवा, असं त्यानं सुचवलं. लोकांच्या भावना दुखावणारी ही सूचना होती, आणि ती लगोलग पाळली जाणार नाही हे उघडच होतं.

आता आकड्याकडे. बॅबेजनं १८३८ पासूनच्या नोंदी पाहिल्या. हॉवर्थमध्ये मरणाऱ्याचं सरासरी वय निघालं २५.८ वर्षं. आणि दर शंभर मृतांमध्ये ४१.६ मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत गेलेली. हे आकडे लंडनच्या व्हाइटचॅपल आणि सेंट जॉर्ज-इन-द-ईस्ट यांसारख्या सर्वांत वाईट वस्त्यांच्या पंक्तीत बसणारे होते. माळरानाच्या वाऱ्यातलं गाव आणि लंडनची घाण एका रांगेत आली.

२५.८ हा आकडा ब्राँटे भगिनींवरच्या बहुतेक पुस्तकांत आणि माहितीपटांत येतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या अर्थानं येतो. ‘तिथले लोक पंचविशीत मरत’ असं सांगितलं जातं. तसं ते नव्हतं. पंचविशीत मरणारे थोडेच असणार. सहाच्या आत गेलेली जी ४१.६ टक्के लेकरं, त्यांचं सरासरी वय दीड वर्ष धरू. (हे माझं गृहीतक आहे, एक धरलं किंवा दोन, हिशेबात फार फरक पडत नाही.) मग उरलेल्या ५८.४ टक्क्यांचं सरासरी वय त्रेचाळीसच्या आसपास येतं. म्हणजे या गावात मरणाचे दोन डोंगर होते: एक पाळण्याभोवती, दुसरा चाळिशी-पन्नाशीपुढे कधीतरी. मधल्या दरीत सरासरी नावाचा खांब रोवला होता, तिथं मात्र माणसं कमी. पाळण्याच्या वयातून सुटलेला माणूस हॉवर्थमध्ये म्हातारा होऊ शकत असे. पाद्रीबुवा स्वतः चौऱ्याऐंशी वर्षं जगले.

मृतांचं सरासरी वय फसवतं हे त्या काळातही ठाऊक होतं. आरोग्य सुधारणेच्या चळवळीचा प्रमुख एडविन चॅडविक यानं १८४२ च्या आपल्या अहवालात मृतांची सरासरी वयं वर्गवार दिली होती. मँचेस्टरमध्ये वकील-डॉक्टरांसारख्या वरच्या वर्गाचं ३८, व्यापाऱ्यांचं २०, मजुरांचं १७. आणि रटलंडच्या शेतकी परगण्यात अनुक्रमे ५२, ४१ आणि ३८. म्हणजे रटलंडचा शेतमजूर आणि मँचेस्टरचा वकील एका पायरीवर. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारे तक्ते होते हे. पण विमागणिती नाइसन यानं दोनच वर्षांत दाखवून दिलं की ही मोजपट्टी सदोष आहे. ज्या गावात जन्म जास्त तिथं लहान मुलं जास्त, म्हणून मरणाऱ्यांतही लहानांचा भरणा जास्त. सरासरी वय आपोआप खाली येतं, गाव रोगट असो वा नसो. फारही म्हणूनच सरासरी वयापेक्षा वयोगटवार मृत्युदर आणि आयुर्मानाचे तक्ते मानी. माझ्या मते नाइसनचं म्हणणं गणित म्हणून बिनतोड होतं. पण चॅडविकला शास्त्रीय वाद जिंकायचा नव्हता, त्याला घरमालकांकडून गटारांचे पैसे काढायचे होते, आणि त्या कामाला ‘मजूर सतरा’ हा आकडा पुरेसा होता. बॅबेजचा २५.८ त्याच जातीचा. शिवाय ४१.६ टक्के बालमृत्यूंचं काय करणार? ती मुलं काही मोजपट्टीच्या दोषानं मेली नव्हती.

ती कशानं मेली, हे सांगणं आणखी अवघड आहे. वहीत कारणाचा रकाना होता खरा, पण तो भरायचा कोणी? डॉक्टरचा दाखला सक्तीचा झाला १८७४ च्या कायद्यानं. त्याआधी मृत्यूच्या वेळी हजर असलेला माणूस नोंदणी करणाऱ्याकडे जाऊन जे सांगेल तेही चालत असे. बाळ गेलं की ‘झटके’, ‘दात येणं’, ‘अशक्तपणा’. मोठं माणूस गेलं की ‘ताप’, ‘क्षय’, ‘खंगणं’. त्या काळच्या इंग्लंडभरच्या नोंदींत ही नावं पानोपानी आहेत. बाळाला झटके येतात ते हगवणीनं शरीर सुकल्यामुळे, हगवण लागते ती पाण्यामुळे, पाणी नासतं ते दोन यार्डांवरच्या त्या दारामुळे. पण वहीतला रकाना अरुंद, त्यात साखळीची शेवटची कडी तेवढी मावते.

कारण कुठलं लिहायचं यावरून खुद्द फार आणि चॅडविक यांचं भांडण झालं होतं. १८३९ मध्ये फारनं पहिला वार्षिक अहवाल काढला, त्यात ‘उपासमार’ या मथळ्याखाली ६३ मृत्यू दाखवले. चॅडविक तेव्हा गरिबांसाठीच्या नव्या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या आयोगाचा सचिव. त्याच्या राज्यात माणूस भुकेनं मेला असं सरकारी कागदावर येणं त्याला कसं परवडावं? त्यानं हरकत घेतली. फारनं उलट सांगितलं की भूक माणसाला थेट क्वचित मारते, ती रोगाला दार उघडून देते. मैल्याच्या बाबतीत मूळ कारणापर्यंत जायला तयार असलेला चॅडविक भाकरीच्या बाबतीत शेवटच्या कडीवर अडून बसला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बॅबेजनं हॉवर्थमध्ये केलं ते असं: वहीतली नावं बाजूला ठेवून गावाचा नकाशा वाचला. पाणी कुठून येतं, घाण कुठं जाते, माणसं कुठं झोपतात. या शेवटच्या प्रश्नानं त्याला लोकर विंचरणाऱ्यांच्या घरांत नेलं. हॉवर्थच्या गरीब घरांचा हाच मुख्य धंदा होता. लोखंडी दातांच्या फण्या तापवून लोकर विंचरावी लागते, म्हणून खोलीत कोळशाची शेगडी रात्रंदिवस पेटलेली, आणि उष्णता टिकावी म्हणून खिडक्या बंद. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत अंथरुणं. यंत्रांनी या हातकामाची मजुरी खाली आणली होती आणि कामाचे तास वाढले होते. अशा खोलीत एकाला क्षय झाला की बाकीच्यांना तो होणं फक्त वेळेचा प्रश्न.

खरी गंमत अशी की बॅबेजचं शास्त्र चुकीचं होतं. त्याच्या मते, आणि आरोग्य मंडळातल्या बहुतेकांच्या मते, माणसं मारत होती ती दुर्गंधी. कुजणाऱ्या पदार्थांतून उठणारी विषारी हवा. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोनं १८४९ मध्येच एका पुस्तिकेत मांडलं होतं, पण ते मानायला फार थोडे तयार होते. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची त्याची प्रसिद्ध पाहणी अजून चार वर्षं पुढे होती. क्षयाचा जंतू कॉखला दिसला तो १८८२ मध्ये. तरीही वास घालवायचा म्हणून मैला झाकला, गटारं बांधली, दुरून स्वच्छ पाणी आणलं, की रोगही जाणारच होता. चुकीच्या नकाशावरून बरोबर गावी पोचण्याचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकात अनेक शहरांत घडला. आपल्या मुंबईनंही १८५४ च्या पाणीटंचाईनंतर विहारचं धरण बांधायला घेतलं आणि १८६० मध्ये पुरं केलं, ते याच जंतुपूर्व काळात.

ब्राँटे कुटुंबाचे मृत्यू या चौकटीत ठेवून पाहिले की प्रचलित कथा थोडी डळमळते. दफनभूमीतून झिरपलेल्या पाण्यानं या मुलींचा बळी घेतला, असं हॉवर्थला जाऊन आलेले लोक हमखास सांगतात. पण पाद्रीनिवास चर्चच्या आवाराच्या वरच्या अंगाला आहे, उतार गावाकडे आहे. एमिलीच्या दाखल्यावर क्षय लिहिलं आहे, दोन महिन्यांचा. ॲनही क्षयानंच गेली. ब्रॅनवेलच्या दाखल्यावर जुनाट श्वासनलिकादाह आणि खंगणं. दारू आणि अफूचा उल्लेख त्या रकान्यात नाही, पण साऱ्या गावाला ठाऊक होता. क्षय श्वासातून येतो. एका घरात, लहानशा खोल्यांत, एकमेकींच्या अंथरुणाशेजारी वाढलेल्या भावंडांना तो कबरीतून यायची गरज नव्हती. दूषित पाण्यानं पोटं बिघडवून शरीरं दुबळी केली असतील; त्यापुढे मी जाणार नाही. गावातली पटकी मात्र या घराला शिवून गेली होती: १८४२ मध्ये सगळ्यांचा लाडका तरुण साहाय्यक पाद्री विल्यम वेटमन आजाऱ्यांच्या भेटींना जाता जाता पटकीनं गेला. वय अठ्ठावीस.

सर्वांत थोरल्या दोघी, मरिया आणि एलिझाबेथ, १८२५ मध्ये गेल्या. कोवन ब्रिजच्या पाद्रीकन्यांच्या शाळेत दोघी क्षयानं ग्रासल्या, घरी आणल्या आणि सहा आठवड्यांच्या अंतरानं मिटल्या. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा. ‘जेन एअर’मधली लोवुड शाळा शार्लटनं तिथूनच उचलली. शार्लट स्वतः १८५५ च्या मार्चअखेर गेली, लग्नानंतर नऊ महिन्यांनी, एकोणचाळीस पूर्ण व्हायला तीन आठवडे असताना. दाखल्यावर पुन्हा क्षय. गरोदरपणातल्या सततच्या वांत्यांनी ती गेली असं आज अनेक डॉक्टर मानतात. मला ते जास्त पटतं, पण वहीत खाडाखोड करता येत नाही.

आता या सहा भावंडांची पूर्ण वर्षांतली वयं मांडू: ११, १०, ३८, ३१, ३०, २९. बेरीज १४९, सरासरी २४.८. गावाच्या सरासरीहून एक वर्ष कमी! त्यांच्या अकाली मृत्यूंना शाप, नियती, प्रतिभेची किंमत वगैरे नावं देणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी. गावाच्या हिशेबात हे कुटुंब अगदी चारचौघांसारखं होतं. उलट एका बाबतीत ते चक्क भाग्यवान ठरलं: सहापैकी एकही मूल सहा वर्षांच्या आत गेलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या लोकर विंचरणाऱ्याच्या घरात सहा मुलं असती, तर गावाच्या प्रमाणानं त्यांतली दोन-तीन तेवढीही वाढली नसती. त्यांच्यावर कुणी पुस्तकं लिहिली नाहीत. ती ४१.६ मध्ये आहेत.

बॅबेजचा अहवाल १८५० मध्येच छापून झाला. शिफारशी साध्या होत्या: डोंगरातून नळानं पाणी, बंदिस्त गटारं, संडासांची वाढ, कसायांसाठी वेगळी जागा, दफनभूमी बंद. खर्चाचा अंदाजही त्यानं घातला, आठवड्याला घरटी काही पेन्स. आणि इथंच गाडी रुतली. हा पैसा घरपट्टीतून यायचा होता. घरं भाड्यानं देणारे मालक म्हणाले, भाडेकरूंच्या पाण्यासाठी आम्ही का भरायचं. गावाबाहेरच्या वाड्या-शेतांचे मालक म्हणाले, आमचे झरे आम्हाला पुरतात, आम्हाला हद्दीतून वगळा. हद्द कुठवर धरायची यावर लिखापढी सुरू झाली. मंडळाची पत्रं आली, गावाची हरकत गेली, पुन्हा पत्र आलं. पाद्रीबुवा मध्ये मध्ये लंडनला लिहीत राहिले की काय झालं, का अडलं. त्यांच्या अर्जात संताप कमी आणि चिकाटी जास्त. ते स्वतः घरमालकांच्याच चर्चचे पाद्री होते, रविवारी त्याच लोकांसमोर उभं राहायचं होतं. त्यांच्याशी उघड वैर न धरता त्यांच्या खिशाला हात घालायचा, ही कसरत त्यांनी वर्षानुवर्षं केली.

स्थानिक आरोग्य मंडळ अखेर उभं राहिलं, पण त्यावर निवडून येणारे पुन्हा करदातेच. छोटासा जलाशय बांधून व्हायला १८५८ साल उजाडलं, म्हणजे अर्जापासून नऊ वर्षं. तोवर शार्लट गेलेली, पॅट्रिक एक्याऐंशीचे. दफनभूमीत गर्द झाडी लावली गेली ती १८६४ मध्ये, मुळांनी माती मोकळी व्हावी आणि प्रेतं लवकर मातीत मिळावीत म्हणून. पर्यटक आज जिचे फोटो काढतात आणि जिच्यावर कावळे कलकलतात ती हीच झाडी. एमिलीनं ती कधी पाहिली नाही. तिच्या काळात तिथं उघड्या शिळा होत्या.

बॅबेजचं पुढं काय झालं, तेही सांगून टाकतो. १८५१ मध्ये तो सरकारी भूगर्भ सर्वेक्षणासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथंच राहिला. हॉवर्थला नळाचं पाणी मिळालं त्या १८५८ सालात तो टॉरेन्स सरोवराच्या परिसरात, खाऱ्या तळ्यांच्या रखरखीत मुलखात, एका सरकारी मोहिमेचा म्होरक्या म्हणून फिरत होता. प्रत्येक गोष्ट मोजत, नोंदत तो फार सावकाश पुढे सरकतो अशी तक्रार झाली, आणि सरकारनं त्याला अर्ध्यातून परत बोलावून मेजर वॉर्बर्टन नावाच्या दुसऱ्या माणसाच्या हाती मोहीम दिली.